बीएमआय कसा मोजायचा, कसा वाचायचा आणि त्यानंतर काय करायचं

एकाच माणसाचा बीएमआय (बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २४.८ येतो. आरोग्य तपासणीच्या रिपोर्टात त्यापुढे ‘ओव्हरवेट’ छापलेलं असतं आणि मोबाइलवरचं ॲप मात्र तोच आकडा हिरव्या पट्ट्यात दाखवून ‘नॉर्मल’ म्हणतं. दोघांपैकी चूक कोणीच नसतं. दोघांनी निकष वेगवेगळे वापरलेले असतात, पण ते कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे माणूस एक तर घाबरतो नाही तर निर्धास्त होतो. माझ्या रिपोर्टावर हा शब्द आला तेव्हा मला ही सगळी माहिती तुकड्यातुकड्यांनी गोळा करावी लागली. तुम्हाला ती एका जागी मिळावी म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगते. बीएमआय एकटा वाचू नका. त्याच्या शेजारी कंबरेचा घेर लिहिलेला नसेल तर माहिती अर्धीच आहे. म्हणून या लेखात कंबरेवर मी सगळ्यात जास्त लिहिलं आहे.

हे गणित कोणासाठी नाही

खाली दिलेले आकडे १८ वर्षांवरील प्रौढांसाठी आहेत. मुलांचा बीएमआय काढताना सूत्र तेच असतं, पण अर्थ लावताना वय आणि मुलगा की मुलगी हे पाहून वाढीच्या तक्त्यावर बघावं लागतं. दहा वर्षांच्या मुलाला प्रौढांचा तक्ता लावून ‘हा तर फारच बारीक’ म्हणणं साफ चुकीचं आहे. गरोदर असाल तर गरोदरपणाआधीचं वजन धरून बीएमआय काढतात आणि त्यावरून नऊ महिन्यांत किती वजन वाढावं हे डॉक्टर सांगतात. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृताच्या आजारामुळे अंगावर सूज असेल, पोटात पाणी झालं असेल, तर काट्यावर त्या पाण्याचंही वजन येतं, तेव्हा हा आकडा धरू नका. हात किंवा पाय गमावलेल्यांसाठी हिशोब वेगळा असतो, तो डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.

काय काय लागेल

साधनं फारशी नाहीत:

- वजनकाटा. डिजिटल असो वा काट्याचा, पण दर वेळी तोच.
- शिंपी वापरतात तशी मऊ टेप. जुनी, ताणली गेलेली टेप नको.
- सपाट भिंत, पेन्सिल आणि एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक.
- कॅल्क्युलेटर आणि नोंदीची वही.

कागदपत्रं डॉक्टरांकडे जाताना लागतील, पण आत्ताच एका फाइलमध्ये लावून ठेवा: आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट (त्यांत जुनं वजन सापडतं आणि त्याचा फार उपयोग होतो), रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि थायरॉइडचे अलीकडचे आकडे, सध्या चालू असलेल्या औषधांची यादी, आणि आईवडील किंवा सख्ख्या भावंडांना मधुमेह, हृदयविकार, उच्च रक्तदाब असेल तर त्याची नोंद.

१. उंची मोजा, आठवू नका

बहुतेक जण उंची विचारली की कॉलेजच्या ओळखपत्रावरची सांगतात. वाढत्या वयात मणक्यांमधल्या चकत्या दबतात, हाडं विरळ होतात आणि उंची थोडी घटते. शिवाय सकाळपेक्षा संध्याकाळी आपण साधारण एक सेंटिमीटरने कमी भरतो. म्हणून आज मोजा.

अनवाणी उभे राहा. टाचा, ढुंगण आणि पाठ भिंतीला लागलेली, नजर सरळ समोर, हनुवटी ना वर ना खाली. केस वर बांधले असतील तर सोडा. दुसऱ्या कोणाला तरी पुस्तक डोक्यावर आडवं, भिंतीशी काटकोनात धरायला सांगा आणि पुस्तकाच्या खालच्या कडेला पेन्सिलीने खूण करायला लावा. जमिनीपासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तुमची उंची. स्वतःची उंची स्वतःच मोजायला गेलात तर पुस्तक हमखास तिरकं होतं.

इथे काटेकोर का राहायचं ते पाहा. वजन ६२ किलो आणि उंची १५८ सेंटिमीटर असेल तर बीएमआय २४.८ येतो. तीच उंची अंदाजाने १६२ धरली तर २३.६. चार सेंटिमीटरच्या फरकाने आकडा एकाहून जास्त अंकाने खाली आला. सूत्रात उंचीचा वर्ग असल्यामुळे तिच्यातली चूकही जवळपास दुप्पट होऊन उतरते.

सापळा: फूट-इंच दशांशात लिहिणं. ५ फूट १० इंच म्हणजे ५.१० फूट नव्हे. ५ फूट १० इंच म्हणजे १७७.८ सेंटिमीटर, तर ५.१० फूट म्हणजे जेमतेम १५५. ॲपमध्ये असा आकडा भरला की बीएमआय एकदम भीतिदायक येतो. आधी सगळे इंच करा (फूट गुणिले १२, अधिक वरचे इंच) आणि त्याला २.५४ ने गुणा, सेंटिमीटर मिळतील.

२. वजन घ्या

सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, हलक्या कपड्यांत. काटा टणक फरशीवर ठेवा. गालिचावर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकीचं दाखवतो. दोन्ही पाय सारखे टेकवून स्थिर उभे राहा.

एका दिवसात वजन एक-दोन किलोने इकडेतिकडे होणं अगदी स्वाभाविक आहे. पोटातलं अन्न, पाणी, खारट जेवणानंतर शरीरात धरून राहिलेलं पाणी, बायकांच्या बाबतीत पाळीआधीचे दिवस, या सगळ्याचा तो परिणाम असतो. एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही आणि उतरतही नाही. म्हणून एका आठवड्यात तीन-चार वेळा वजन घ्या आणि सरासरी काढा. गणितात तीच वापरा.

३. बीएमआय काढा

सूत्र सोपं आहे: किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. वर्ग करण्याच्या भानगडीत पडायचं नसेल तर कॅल्क्युलेटरवर वजनाला उंचीने दोनदा भागा. ६२ भागिले १.५८ केलं की ३९.२४ येतात, त्यालाच पुन्हा १.५८ ने भागलं की २४.८.

उत्तर ०.००२ सारखं आलं तर उंची सेंटिमीटरमध्ये भरली गेली आहे. ३९ च्या आसपास आलं आणि तुम्ही दिसायला साधारण बांध्याचे असाल, तर एकदाच भागलं आहे.

हे सूत्र आलं कुठून हे माहीत असलं की त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळतं. बेल्जियमचे ॲडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ होते. १८३० च्या दशकात माणसांच्या मोजमापांचा अभ्यास करताना त्यांच्या लक्षात आलं की प्रौढांमध्ये वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. लठ्ठपणा हा त्यांचा विषयच नव्हता, ते ‘सरासरी माणूस’ शोधत होते. पुढे १९७२ साली अमेरिकेतले शरीरक्रिया-शास्त्रज्ञ अँसल कीज यांनी वजन-उंचीची वेगवेगळी गुणोत्तरं तपासली, हे त्यातल्या त्यात बरं ठरवलं आणि त्याला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. मोठ्या लोकसमूहाचा अभ्यास करण्यासाठी ते सोयीचं होतं. दवाखान्यात एकेका माणसावर शिक्का मारायला त्याचा वापर नंतर रूढ झाला. यामुळे सूत्र टाकाऊ ठरत नाही. पण त्याला फक्त वजन आणि उंची कळते. वजन चरबीचं की स्नायूंचं, आणि चरबी असेल तर ती कुठे साठली आहे, हे त्याला कळायला मार्गच नाही.

४. कोणता निकष लावायचा ते ठरवा

रिपोर्ट आणि ॲप यांच्यातलं भांडण इथलं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण तक्ता असा: १८.५ पेक्षा कमी म्हणजे कमी वजन, १८.५ ते २४.९ म्हणजे निरोगी वजन, २५ ते २९.९ म्हणजे अतिवजन आणि ३० पासून पुढे लठ्ठपणा. लठ्ठपणाचे पुढे तीन वर्ग आहेत: ३० ते ३४.९, ३५ ते ३९.९ आणि ४० च्या वर.

हा तक्ता बऱ्याच अंशी युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर उभा आहे. आशियाई वंशाच्या लोकांमध्ये तेवढ्याच बीएमआयला शरीरातली चरबी सरासरीने जास्त आढळते आणि मधुमेह, हृदयविकार यांचा धोका खालच्या आकड्यापासूनच वाढू लागतो. म्हणून २००४ साली संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे जादा टप्पे सुचवले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये आणखी स्पष्ट रेषा आखली: २३ पासून अतिवजन, २५ पासून लठ्ठपणा. ही रेषा जिथे धरतात तिथे २४.८ ला ‘ओव्हरवेट’ म्हणतात आणि परदेशात बनलेलं ॲप त्यालाच ‘नॉर्मल’ म्हणतं.

तुमचं मूळ दक्षिण आशियाई असेल तर तुम्ही जगात कुठेही राहत असलात तरी २३ ची रेषा धरा, असं माझं स्पष्ट मत आहे. पत्ता बदलला म्हणून शरीर बदलत नाही.

दर वेळी भागाकार नको म्हणून काही उंचींसाठी किलोचे आकडे देते. पहिला आकडा बीएमआय १८.५ चा, दुसरा २३ चा, तिसरा २५ चा:

- १५० सेंटिमीटर: ४१.६, ५१.८, ५६.३
- १६० सेंटिमीटर: ४७.४, ५८.९, ६४
- १७० सेंटिमीटर: ५३.५, ६६.५, ७२.३
- १८० सेंटिमीटर: ५९.९, ७४.५, ८१

निरोगी वजनाची पट्टी किती रुंद आहे ते पाहा. १६० सेंटिमीटर उंचीला ४८ किलोही चालतं आणि ५८ ही. ‘उंची वजा शंभर म्हणजे आदर्श वजन’ असला एकच आकडा धरून बसू नका.

आणि या रेषा माणसांनी आखलेल्या आहेत हेही लक्षात असू द्या. अमेरिकेत १९९८ पर्यंत अतिवजनाची रेषा पुरुषांना २७.८ आणि स्त्रियांना २७.३ होती, ती त्या वर्षी २५ वर आणली गेली. कोट्यवधी लोक एक ग्रॅमही न वाढता अतिवजनाच्या यादीत गेले. २२.९ आणि २३.१ यांच्यात शरीराच्या दृष्टीने काहीही फरक नसतो. धोका हळूहळू चढत जातो.

५. कंबर मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि बहुतेक लोक हीच गाळतात.

कारण असं. कातडीखालची चरबी, विशेषतः मांड्या आणि नितंबांवरची, तुलनेने निरुपद्रवी असते. पोटाच्या आत, आतड्यांच्या आणि यकृताच्या आजूबाजूला साठणारी चरबी वेगळी वागते. तिच्यातून सुटणारी मेदाम्लं रक्तावाटे यकृतात जातात, यकृतात चरबी साठायला लागते, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) वाढू लागतात. बाहेरून हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे, अशा माणसाचा बीएमआय २२ येऊ शकतो आणि आत हे सगळं चालू असू शकतं.

याचं एक बोलकं उदाहरण २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. चित्तरंजन याज्ञिक आणि जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मोजमापं शेजारी शेजारी मांडली. एक भारतीय, एक ब्रिटिश. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आकडा एकच, शरीरं दोन.

आता मोजायचं कसं. शर्ट वर घ्या, कपड्यावरून मोजू नका. बाजूला बोटांनी चाचपून सगळ्यात खालची बरगडी शोधा, मग कंबरेच्या हाडाची वरची कड शोधा. दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरा. टेप सगळीकडून जमिनीला समांतर हवी, पाठीमागे ती घसरते म्हणून आरशात बघा. कातडीला टेकलेली, पण रुतलेली नको. सहज श्वास सोडा आणि श्वास सोडल्यावर आकडा वाचा. पोट आत ओढायचं नाही. दोनदा मोजा, एक सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

सापळा: पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. पोट सुटलेले पुरुष पट्टा पोटाखाली बांधतात, त्यामुळे वर्षानुवर्षं नंबर तोच राहतो आणि पोट त्याच्यावरून पुढे येत राहतं. शिवाय कपड्यांच्या कंपन्या नंबर सैल ठेवतात.

आकड्याचा अर्थ: दक्षिण आशियाई लोकांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही सावध होण्याची रेषा. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी ती पुरुषांना ९४, स्त्रियांना ८० आहे आणि १०२ व ८८ च्या पुढे धोका बराच वाढलेला धरतात.

याहून सोपी कसोटी म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी. १५८ सेंटिमीटर उंची असेल तर कंबर ७९ च्या आत. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ पासून ही कसोटी आपल्या शिफारशींत घेतली आहे: कंबर भागिले उंची ०.४ ते ०.४९ म्हणजे ठीक, ०.५ ते ०.५९ म्हणजे धोका वाढलेला, ०.६ पासून पुढे धोका जास्त. पुरुष असो की स्त्री, वंश कोणताही असो, आकडे तेच. घरात कोणाला एकच गोष्ट शिकवायची असेल तर ही शिकवा. टेप नसेल तर उंचीइतकी दोरी कापा, तिची दुहेरी घडी घाला आणि कंबरेभोवती फिरवून बघा. टोकं जुळली नाहीत तर पुढच्या पायऱ्या टाळू नका.

६. आकडा कुठे फसवतो ते ओळखा

वजनं उचलणारे, कुस्ती किंवा तत्सम खेळ खेळणारे यांचा बीएमआय २७–२८ येऊनही कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असते. तिथे आकडा स्नायूंचा आहे, काळजीचं कारण नाही. पण मी हेही पाहिलं आहे की ‘माझी हाडं जड आहेत’, ‘माझे स्नायू आहेत’ हे कारण ज्यांना लागू नसतं तेच ते जास्त सांगतात. निवाडा टेपवर सोडा.

वयस्क मंडळींच्या बाबतीत उलटं होतं. स्नायू झडतात, त्यांची जागा चरबी घेते, वजन तेवढंच राहतं आणि बीएमआय ‘छान’ दिसत राहतो. साठी-सत्तरीनंतर बीएमआय थोडा वर असणं तितकं चिंतेचं मानत नाहीत. त्या वयात विनाकारण वजन उतरणं, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठता न येणं, चालण्याचा वेग मंदावणं या गोष्टींकडे आधी बघावं. ज्येष्ठांना वजन घटवण्याचा सल्ला परस्पर देऊ नका.

पाळी थांबल्यानंतर बायकांची चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. वजन न वाढताही कंबर वाढलेली दिसते ती त्यामुळे.

व्यायामशाळेतली किंवा घरची ‘बॉडी फॅट’ दाखवणारी यंत्रं शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून अंदाज बांधतात. पाणी प्यायलात, घाम आला, जेवलात की टक्केवारी बदलते. एकाच यंत्रावर, एकाच वेळी, महिन्याच्या फरकाने पाहिलं तर कल समजतो. एकेका दिवसाच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका.

आता वैद्यकशास्त्रही याच दिशेने सरकलं आहे. २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट’च्या एका आयोगाने सुचवलं की केवळ बीएमआयवरून लठ्ठपणाचं निदान करू नये, कंबरेसारखं दुसरं एखादं माप किंवा चरबीचं प्रत्यक्ष मोजमाप त्याला जोडावं. ४० च्या वर बीएमआय असेल तर मात्र वेगळा पुरावा लागत नाही. शिवाय जादा चरबीमुळे अवयवांवर परिणाम सुरू झालेला लठ्ठपणा आणि अजून तो न झालेला लठ्ठपणा हे वेगळे धरावेत, असंही त्यांनी म्हटलं आहे.

७. रक्ताच्या तपासण्यांशी ताडून बघा

बीएमआय २३ च्या वर असेल, किंवा कंबर रेषेबाहेर असेल (दोन्हीपैकी एक पुरे), तर रक्तदाब, उपाशीपोटीची साखर किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी) आणि डॉक्टरांना गरज वाटली तर यकृताच्या व थायरॉइडच्या तपासण्या करून घ्या. एचबीएवनसी ५.७ टक्क्यांच्या खाली असेल तर ठीक, ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, ६.५ पासून पुढे मधुमेह.

आकडे चांगले आले तर आनंदच आहे, पण कंबर वाढलेली असेल तर दर वर्षी पुन्हा तपासा.

औषधांकडेही बघा. स्टेरॉइड, मानसिक आजारांवरची काही औषधं, अपस्मारावरचं व्हॅल्प्रोएट, इन्शुलिन आणि मधुमेहावरच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं. ती औषधं स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना पर्याय विचारा.

८. तुमचं लक्ष्य ठरवा

उंची १६० सेंटिमीटर, वजन ८० किलो, म्हणजे बीएमआय ३१.३. तक्ता बघून अशी व्यक्ती मनाशी म्हणते, निदान २५ च्या रेषेपर्यंत, ६४ वर यायचं, म्हणजे सोळा किलो. आणि तिथेच खचते. असं करू नका. सध्याच्या वजनाच्या ५ ते १० टक्के एवढीच घट झाली तरी रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड यांत फरक पडतो. म्हणजे पहिलं लक्ष्य चार किलो. तिथे काही महिने टिकून राहा, मग पुढचं ठरवा.

हे समजूत घालण्यासाठी म्हणत नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या लोकांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले: औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटाच्या तुलनेत त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. त्यातले बरेच जण बीएमआयच्या ‘निरोगी’ पट्टीत पोचलेही नव्हते.

आठवड्याला अर्धा ते एक किलो हा वेग पुरेसा आहे. पहिल्या आठवड्यात दोन-तीन किलो उतरले तर हुरळून जाऊ नका. शरीरातली साठवलेली साखर वापरली जाते तेव्हा तिच्याबरोबरचं पाणीही निघून जातं, त्याचा तो आकडा असतो. फार झपाट्याने वजन उतरवलं तर स्नायू झिजतात आणि पित्ताशयात खडे होण्याची शक्यता वाढते. ‘महिन्यात दहा किलो’ असं आश्वासन देणाऱ्यापासून लांब राहा, मग तो कोणीही असो.

आहाराचा सविस्तर बेत इथे देत नाही, तो प्रत्येकाचा वेगळा असतो आणि आहारतज्ज्ञाकडून घेतलेला बरा. एवढंच सांगते की प्रथिनं पुरेशी ठेवा आणि साखर घातलेली पेयं सगळ्यात आधी थांबवा. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवाच, नाही तर चरबीबरोबर स्नायूही जातात. व्यायामाने काट्यावर फार फरक दिसला नाही तरी पोटातली चरबी कमी होत असते. म्हणून काट्याबरोबर टेपही चालू ठेवा.

९. बीएमआय १८.५ च्या खाली असेल तर

बारीक असणं म्हणजे निरोगी असणं, हा समज लोकांच्या मनात घट्ट बसलेला आहे. कमी वजनाच्या माणसाला कोणी ‘डॉक्टरांना दाखव’ म्हणत नाही, उलट कौतुक करतात. पण वजन कमी असेल तर रक्तक्षय, हाडं ठिसूळ होणं, पाळी अनियमित होणं, गर्भधारणेत अडचण, वारंवार संसर्ग यांचा धोका असतो. क्षयरोगाचाही धोका कमी वजनात जास्त असतो.

लहानपणापासून बांधा तसाच असेल, वजन स्थिर असेल, दम आणि ताकद चांगली असेल तर घाबरू नका, हिमोग्लोबिन मात्र तपासा. पण काही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं तीन किलोहून जास्त, तर बीएमआय कितीही असला तरी डॉक्टरांकडे जा. मधुमेह, थायरॉइडचा अतिरेक, क्षय, आतड्यांचे आजार, नैराश्य, कर्करोग यांपैकी काही नाही ना हे बघावं लागतं. वजन जास्त असलेल्या माणसाचं असं वजन उतरलं तर घरचे खूश होतात, आणि निदान लांबतं.

वजन वाढवायचं तर नुसतं गोड आणि तळलेलं खाऊन पोट वाढवू नका. प्रथिनं आणि ताकदीचा व्यायाम इथेही लागतात.

१०. नोंद ठेवा

वहीत चार रकाने आखा: तारीख, वजन, कंबर, शेरा. वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. कंबर महिन्यातून एकदा. उंची वर्षातून एकदा. शेऱ्यात आजारपण, नवं औषध, पाळी, प्रवास असं काही असेल तर लिहा. चार-सहा आठवड्यांचा कल बघा.

ज्यांना खाण्याबद्दल सतत अपराधी वाटतं, जे मुद्दाम उपाशी राहतात किंवा खाल्लेलं उलटून टाकतात, त्यांनी ही वही ठेवू नये. अशा वेळी रोजचा काटा आजार वाढवतो. मानसोपचारतज्ज्ञांची मदत आधी घ्या आणि वजन त्यांनाच घेऊ द्या.

११. डॉक्टरांकडे जाताना

फाइल आणि वही बरोबर न्या. ‘माझं वजन जास्त आहे का?’ एवढंच विचारलंत तर ‘थोडं कमी करा’ एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा हे विचारा:

- माझ्यासाठी तुम्ही कोणता निकष धरता, २३ चा की २५ चा?
- माझी कंबर आणि रक्ताचे रिपोर्ट एकत्र पाहिले तर धोका कितपत आहे?
- माझ्या चालू औषधांपैकी कशाने वजन वाढतंय का?
- पहिल्या सहा महिन्यांत किती किलो घट पुरेशी धरू?
- पुन्हा तपासणी कधी करू?

वजन घटवणारी इंजेक्शनं किंवा शस्त्रक्रिया यांचा विषय निघाला तर बिचकू नका आणि घाईही करू नका. ज्यांचा बीएमआय बराच वर आहे, किंवा त्याबरोबर मधुमेहासारखे आजार आहेत, त्यांना या उपचारांचा खरोखर उपयोग होतो आणि ते घेण्यात कमीपणा काही नाही. मात्र ही इंजेक्शनं थांबवल्यावर बहुतेकांचं वजन बऱ्याच प्रमाणात परत येतं, म्हणून ‘किती काळ घ्यावी लागतील आणि थांबवल्यावर काय करायचं?’ हे सुरू करण्याआधीच विचारून घ्या. ओळखीच्या कोणाला फरक पडला म्हणून त्याच्याकडून नाव घेऊन परस्पर सुरू करू नका. मळमळ-उलट्या तर होतातच, पण स्वादुपिंडाचे आणि पित्ताशयाचे त्रासही होऊ शकतात, आणि ते कोणाला होण्याची शक्यता आहे हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही.